आर्सच्या धर्मगुरूंना कोणी सावरले?

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी जागतिक ख्रिस्तसभा सर्व धर्मग्रामांच्या प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी वियानी यांचे स्मरण करते. त्या दिवशी अनेक धर्मग्रामांत भाविक आपल्या धर्मगुरूंना पुष्पगुच्छ देतात, त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना करतात. प्रवचनांतून या संताची थोरवी सांगितली जाते. दिवसाचे सोळा तास पापनिवेदन ऐकणारा, उकडलेल्या बटाट्यांवर गुजराण करणारा, मध्यरात्र उलटताच उठून चर्चमध्ये जाणारा धर्मगुरू आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो आणि आपण नतमस्तक होतो.

हे सारे सत्य आहे. परंतु त्याच चरित्राची आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. हेच संत आपल्या सेवाकाळात तीन वेळा रात्रीच्या अंधारात आपला धर्मग्राम सोडून निघाले होते. ते का निघाले, त्यांना परत कोणी आणले, आयुष्यभर त्यांना कोणी सावरले आणि कोण कमी पडले, हे समजून घेतले तर आपल्या धर्मगुरूंकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक सखोल होईल. म्हणून या लेखात वियानींच्या जीवनाकडे त्या बाजूने पाहू या.

बंद खिडक्यांआडचे ख्रिस्तशरीर

जॉन मेरी वियानी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लियों शहराजवळच्या दार्दिली या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांतीला प्रारंभ झाला. चर्चवर सरकारी नियंत्रण लादणाऱ्या कायद्याला निष्ठेची शपथ घेण्यास ज्या धर्मगुरूंनी नकार दिला, त्यांना वेषांतर करून लपतछपत सेवा करावी लागली. पकडले गेल्यास तुरुंग, हद्दपारी किंवा मृत्यू ठरलेला. श्रद्धावंत कुटुंबे अशा धर्मगुरूंना आपल्या घरांत आश्रय देत आणि रात्री-अपरात्री गुपचूप मिस्साबलिदानासाठी जमत.

१७९९ साली एक्युली येथील एका घरात जॉन मेरी यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. खिडक्या बंद केलेल्या होत्या आणि आतला मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून गवताने भरलेल्या गाड्या खिडक्यांपुढे उभ्या केल्या होत्या. धर्मगुरू लोकांना सांभाळतो, हे आपण बालपणापासून ऐकतो. या तेरा वर्षांच्या मुलाने मात्र लोकांनी धर्मगुरूंना सांभाळलेले डोळ्यांनी पाहिले.

फादर बाले: गुरू आणि पहारेकरी

क्रांतीच्या काळात जिवावर उदार होऊन सेवा केलेले फादर शार्ल बाले पुढे एक्युलीचे प्रमुख धर्मगुरू झाले. पाचारणाची जाणीव झालेल्या मुलांसाठी त्यांनी आपल्या निवासात एक छोटी शाळा सुरू केली. १८०६ साली विशीतले जॉन मेरी तेथे दाखल झाले. शेतात राबलेल्या या तरुणाचे शालेय शिक्षण नाममात्रच होते. लॅटिन भाषा तर त्यांच्या काही केल्या डोक्यात शिरेना. निराश होऊन ते घरी परतण्याच्या विचारात होते. फादर बाले यांनी त्यांना धीर दिला. त्याच काळात त्यांनी ला लुवेस्क येथील संत फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीपर्यंत पायी यात्रा केली आणि पुन्हा अभ्यासाला लागले.

१८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला. आजारपणामुळे ते आपल्या तुकडीपासून मागे पडले आणि अखेरीस ले नोए या डोंगरी गावात खोटे नाव धारण करून लपून राहिले. तेथील एका विधवेने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १८१० सालच्या सरकारी माफीनंतर त्यांची सुटका झाली. त्यांच्याऐवजी त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात गेला. १८११ च्या आरंभी त्यांची आई निवर्तली.

पुढे लियों येथील सेमिनरीत लॅटिनमधून चालणारे वर्ग त्यांना झेपले नाहीत आणि त्यांना परत पाठवण्यात आले. येथेच त्यांचे पाचारण संपले असते. परंतु फादर बाले यांनी त्यांना पुन्हा आपल्याजवळ घेतले, फ्रेंच भाषेतून ईशज्ञान शिकवले आणि धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांकडे त्यांच्यासाठी रदबदली केली. विद्वत्ता कमी असली तरी हा तरुण भक्तिमान आहे, याची खात्री पटल्यावर अधिकाऱ्यांनी संमती दिली. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वियानींना गुरुदीक्षा मिळाली.

त्यांची पहिली नेमणूक एक्युली येथेच, फादर बाले यांचे साहाय्यक म्हणून झाली. ही नेमणूक त्यांच्यासाठी मोठी कृपा ठरली. पापनिवेदन ऐकण्याची परवानगी त्यांना लगेच मिळाली नव्हती. काही महिन्यांनी ती मिळाली, तेव्हा त्यांच्यापुढे पहिल्यांदा गुडघे टेकले ते स्वतः फादर बाले यांनी. गुरूने शिष्यापुढे आपली पापे निवेदन केली. दोघे मिळून नीतिशास्त्रातील कठीण प्रसंगांची चर्चा करीत. दोघेही कडक उपवास करीत आणि दोघांनाही एकमेकांची काळजी वाटे. ती इतकी, की अतिरेकी तपश्चर्येबद्दल दोघांनी एकमेकांची तक्रार वरिष्ठांकडे केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. यातला विनोद बाजूला ठेवला तर एक मोठे सत्य हाती लागते. दुसऱ्याच्या ताटाकडे आणि त्याच्या झोपेकडे लक्ष ठेवणारा एक धर्मबंधू त्या घरात होता.

१८१७ च्या डिसेंबर महिन्यात फादर बाले यांचे निधन झाले. वियानींना आपले वडील गेल्यासारखे दुःख झाले. गुरूंचा एक छोटा आरसा त्यांनी आयुष्यभर जपून ठेवला, कारण त्यात त्या प्रिय व्यक्तीचा चेहरा उमटला होता.

एकाकी आरंभ

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, वियानी आर्स येथे दाखल झाले. सुमारे २३० लोकवस्तीचे ते खेडे. क्रांतीनंतर तेथील श्रद्धा थंडावली होती. रविवारीही लोक शेतात राबत, मद्यपान आणि नाचगाण्यात वेळ दवडत. एकतीस वर्षांच्या या धर्मगुरूने लोकांच्या परिवर्तनासाठी स्वतःच्या शरीराला वेठीस धरले. आठवड्याचे बटाटे एकदाच उकडून ठेवायचे, ते संपेपर्यंत तेच खायचे. झोप अगदी थोडी, तीही कठीण जमिनीवर. एक्युलीत त्यांना थांबवणारे फादर बाले होते, आर्समध्ये कोणीही नव्हते. उतारवयात स्वतः वियानींनी त्या काळातील आपल्या अतिरेकी उपवासांना तारुण्यातील वेडेपणा मानले. ही गोष्ट आपण भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ज्या उपाशीपणाचे आपण गोडवे गातो, त्याविषयी खुद्द संतांचे मत वेगळे होते.

लोकांचा विरोधही सोपा नव्हता. पहिल्या दशकात त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले, दारावर अश्लील मजकूर चिकटवला गेला, निनावी पत्रे आली. ही बदनामी इतकी असह्य झाली की आर्स सोडून जावे, असे त्यांना वाटू लागले. पुढे त्यांची कीर्ती पसरून इतर धर्मग्रामांचे लोक आर्सला जाऊ लागले, तेव्हा शेजारच्या काही धर्मगुरूंनाही ते रुचले नाही. अर्धवट शिकलेला धर्मगुरू लोकांना काय मार्गदर्शन करणार, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी बिशपांकडे पाठवण्यासाठी एक तक्रारपत्र फिरवले. ते चुकून वियानींच्याच हाती आले. त्यांनी ते वाचले, त्याखाली स्वतःची सही केली आणि पुढे पाठवून दिले.

या प्रसंगातील त्यांची नम्रता आपल्याला भारावून टाकते. परंतु आपल्या अपात्रतेविषयी त्यांच्या मनात खोलवर रुतलेली खातरीही त्या सहीमागे होती. सेमिनरीतून परत पाठवल्याचे शल्य त्यांच्या अंतःकरणातून कधी गेले नाही. आपण या पदाला लायक नाही, आपल्या हातून आत्म्यांचा नाश होईल, ही भीती त्यांना शेवटपर्यंत छळत राहिली.

बिशपांची देखरेख

१८२३ साली बेले धर्मप्रांताची पुन्हा घडी बसली आणि आर्स त्या धर्मप्रांतात समाविष्ट झाले. तेथील बिशप अलेक्झांडर रेमों दव्ही हे सुज्ञ मेंढपाळ होते. तक्रारी आल्यावर त्यांनी त्या दडपल्या नाहीत आणि त्यांवर आंधळा विश्वासही ठेवला नाही. त्यांनी चौकशी केली. पापनिवेदनात येणारे अवघड प्रसंग आणि त्यांवर दिलेला निर्णय कळवत जाण्यास त्यांनी वियानींना सांगितले. ती प्रकरणे अभ्यासल्यावर या साध्या धर्मगुरूच्या निर्णयशक्तीबद्दल बिशपांची खात्री पटली आणि त्यानंतर ते टीकाकारांसमोर वियानींच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले.

आज जगभरातील अनेक चर्चेसमध्ये धर्मगुरूंनी आपल्या सेवेतील कठीण अनुभव एखाद्या जाणत्या व्यक्तीसमोर नियमितपणे मांडावेत आणि त्यांवर चिंतन करावे, अशी पद्धत रूढ होत आहे. तिचे बीज या पत्रव्यवहारात दिसते. अशा देखरेखीत संशय नसतो. तिच्यामुळे धर्मगुरूला आपण एकटे नाही याचा दिलासा मिळतो आणि त्याच्या हाती सोपवलेल्या लोकांचेही रक्षण होते. मागील काही दशकांत धर्मगुरूंकडून झालेल्या अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर जागतिक ख्रिस्तसभेला हे सत्य मोठी किंमत मोजून उमगले आहे. ज्याला कोणी काही विचारत नाही असा धर्मगुरू स्वतःही असुरक्षित असतो आणि त्याचा कळपही.

मात्र चांगले बिशपही एका ठिकाणी कमी पडले. धर्मप्रांतातील धर्मगुरूंच्या वार्षिक तपसाधनेसाठी वियानी गेले असता, तुम्हाला तपसाधनेची गरज नाही, तिकडे पापी जन तुमची वाट पाहत आहेत, अशा आशयाचे सांगून बिशपांनी त्यांना आर्सला परत पाठवल्याची नोंद आहे. हेतू चांगलाच होता. लोकांची गरज खरी होती. पण वर्षातून एकदा शांतपणे प्रभूच्या चरणी बसण्याची जी संधी प्रत्येक धर्मगुरूला होती, ती ज्याला सर्वाधिक हवी होती त्यालाच मिळाली नाही.

तीन रात्री

आर्सला येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या वर्षागणिक वाढत गेली. फ्रान्सच्या कानाकोपऱ्यांतून लोक येत, पापनिवेदनासाठी दिवसेंदिवस थांबत. मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास वियानी चर्चमध्ये येत. उन्हाळ्यात सोळा तासांपर्यंत, हिवाळ्यातही अकरा-बारा तास ते पापनिवेदन ऐकत. मध्ये मिस्सा, अकराच्या सुमारास धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी. शिवाय १८२४ साली त्यांनी सुरू केलेल्या निराधार मुलींच्या आश्रमाची जबाबदारी होतीच.

१८४० च्या सुमारास एका रात्री दोनच्या प्रहरी ते एकटेच बाहेर पडले आणि चालू लागले. वाटेतील एका क्रुसापाशी ते थांबले. हा देवाचा मानस आहे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला आणि ते मागे फिरले. त्या रात्री त्यांना परत आणणारे कोणी माणूस नव्हते.

१८४३ च्या मे महिन्यात त्यांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला. मृत्यू समोर दिसत होता. ते बरे झाले खरे, पण अंतर्यामी खचले. सप्टेंबरमध्ये एका रात्री ते आर्सहून निघाले आणि पायी चालत दार्दिलीला भावाच्या घरी पोहोचले. यात्रेकरूंना सुगावा लागला आणि ते तेथेही पोहोचले. बिशपांनी त्यांना बोमों येथील मरियामातेच्या प्रार्थनास्थळी सेवा करण्याची मुभा दिली होती. वियानी तेथे गेले, त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि प्रार्थनेअंती आर्सलाच परतण्याचा निर्णय घेतला. गावात घंटा वाजल्या, लोक रस्त्यावर आले. आपला धर्मगुरू परत आला, या आनंदात अनेकांना रडू कोसळले.

त्या सुमारास त्यांच्या मदतीला फादर रेमों यांची नेमणूक झाली. हे साहाय्यक कष्टाळू होते; परंतु स्वभावाने तापट आणि अधिकार गाजवणारे. लोकांसमोर ते वियानींचा पाणउतारा करीत. वियानींनी सुमारे दहा वर्षे हे सहन केले आणि बिशपांकडे त्यांची स्तुतीच केली. साहाय्यक दिला म्हणजे सोबत मिळाली, असे होत नाही. एकाच छताखाली राहूनही धर्मगुरू एकाकी असू शकतो.

१८५३ साली फादर रेमों यांच्या जागी फादर तोकानिए आले. हे मनमिळाऊ आणि प्रेमळ होते. त्यांच्या आगमनानंतर लगेचच, ४ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वी, वियानी तिसऱ्यांदा निघाले. आता धर्मग्रामाला चांगला धर्मगुरू लाभला आहे, तेव्हा आपण एखाद्या मठात जाऊन आपल्या पापांसाठी अश्रू ढाळावेत, असा त्यांचा विचार होता. परंतु गाव जागे झाले. लोकांनी वाट अडवली. तोकानिए यांनी त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक लपवून ठेवले, म्हणजे ते घेण्यासाठी तरी त्यांना परतावे लागेल. अखेरीस वियानी परतले आणि थेट पापनिवेदनाच्या आसनावर जाऊन बसले. त्यानंतर ते पुन्हा कधी गेले नाहीत.

या तीन रात्रींना केवळ थकवा म्हणता येणार नाही आणि केवळ सैतानाचा मोह म्हणूनही त्या बाजूला सारता येणार नाहीत. एकांताची ओढ, अपात्रतेची भीती आणि वर्षानुवर्षे न मिळालेली विश्रांती या तिन्ही गोष्टी त्यांत एकवटल्या होत्या. एलिया संदेष्टा रानात झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला रागे भरले नाही. आधी झोप आणि भाकर दिली, मग पुढची वाट दाखवली. आर्सच्या लोकांनी वियानींवर अपार प्रेम केले, पण त्यांना परत आणताना त्यांच्यापैकी किती जणांनी त्यांच्या झोपेचा विचार केला असेल, हा प्रश्न मनात उभा राहतोच.

शेवटची सहा वर्षे

शेवटच्या सहा वर्षांत फादर तोकानिए आणि धर्मप्रांताचे मिशनरी धर्मगुरू त्यांच्या पाठीशी होते. मुलांची शाळा धर्मबंधू चालवत होते, तर मुलींचा आश्रम धर्मभगिनींनी सांभाळला होता. शिवाय जासां येथील प्रमुख धर्मगुरू फादर बो हे त्यांचे पापनिवेदन ऐकत. हजारो लोकांच्या पापांची क्षमा जाहीर करणारा हा धर्मगुरू स्वतः नियमितपणे एका शेजारच्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकत होता.

जुलै १८५९ मधील उन्हाळा कडक होता. २९ जुलै रोजी नेहमीप्रमाणे दिवसभर पापनिवेदन ऐकून वियानी घरी आले ते कोसळलेच. त्यांनी फादर बो यांना बोलावून घेतले आणि अंतिम संस्कार स्वीकारले. ३ ऑगस्टच्या संध्याकाळी धर्मप्रांताचे तत्कालीन बिशप लांगालरी धावत आले. ४ ऑगस्ट रोजी पहाटे दोन वाजता, धर्मबंधूंच्या प्रार्थनेच्या स्वरांत, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी शांतपणे देह ठेवला. ज्या प्रहरी ते पूर्वी एकटे गाव सोडून निघाले होते, त्याच प्रहरी ते पित्याच्या घरी गेले. पण या वेळी त्यांच्या उशाशी सोबती होते.

पोप दहावे पायस यांनी १९०५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली त्यांना संतपद बहाल केले आणि १९२९ साली जगभरातील प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले.

आपली जबाबदारी

वियानींच्या जीवनात जे योगायोगाने मिळाले किंवा हुकले, ते पुढे ख्रिस्तसभेने नियमांत आणले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या धर्मगुरूंविषयीच्या आदेशपत्रात बिशपांनी आपल्या धर्मगुरूंना बंधू आणि मित्र मानावे, त्यांच्या आध्यात्मिक आणि ऐहिक कल्याणाची काळजी घ्यावी, असे सांगितले. धर्मगुरूंना दरवर्षी पुरेशी सुटी मिळावी, हेही त्यात आहे. १९८३ सालच्या चर्च कायद्याच्या संहितेत प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुटी घेण्याचा अधिकार आहे, आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत. कलम ५५५ नुसार आपल्या विभागातील धर्मगुरूंना आध्यात्मिक साहाय्य मिळते ना, कोणी अडचणीत किंवा मानसिक तणावात आहे का, आजाऱ्याची काळजी घेतली जाते ना, हे पाहणे डीनचे कर्तव्य आहे. वियानींच्या १६० व्या पुण्यतिथीला, ४ ऑगस्ट २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी जगातील सर्व धर्मगुरूंना पत्र लिहून त्यांचे आभार मानले आणि आपले मन मोकळे करता येईल असा आध्यात्मिक सोबती प्रत्येकाने शोधावा, असा आग्रह धरला.

कायदा कागदावर आहे. तो जिवंत होतो धर्मग्रामात. आपले धर्मगुरू तपसाधनेला किंवा सुटीवर गेले की चर्च ओस पडले, अशी कुरकुर करण्याऐवजी त्यांना आनंदाने निरोप देऊ या. नव्या धर्मगुरूंची तुलना आधीच्यांशी करण्याचा मोह टाळू या. तक्रार असेल तर ती सही करून, योग्य त्या अधिकाऱ्याकडे, सत्याला धरून करू या. गैरप्रकार असेल तर तो मुळीच झाकू नये. पण निनावी पत्राची आणि कुजबुजीची वाट धरू नये. एखादे धर्मगुरू गप्प राहू लागले, जेवणाकडे दुर्लक्ष करू लागले, वारंवार चिडू लागले, तर त्याची चर्चा ओट्यावर करण्यापेक्षा त्यांची आपुलकीने विचारपूस करावी. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जाणाऱ्या धर्मगुरूची श्रद्धा कमी पडली, असा अर्थ कोणीही काढू नये.

आणि माझ्या धर्मबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते, की वियानींच्या उपवासाचे अनुकरण आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. परंतु शेजारच्या धर्मग्रामात जाऊन एका बंधूसमोर गुडघे टेकणे आपल्या सर्वांना शक्य आहे.

आर्सच्या या संताने आपल्या धर्मगुरूंसाठी मध्यस्थी करावी, प्रत्येक धर्मगुरूला एक फादर बाले आणि एक फादर तोकानिए लाभावेत, आणि त्यांची झोप, त्यांचे जेवण व त्यांचे मन यांची काळजी वाहणारा धर्मग्राम होण्याची सुबुद्धी प्रभू येशूने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.